कराघात परदेशी, करभार देशी

१ एप्रिल २०२५ पासून भारताने परदेशी इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरात-उत्पन्नावरील सहा टक्क्यांची इक्विलायझेशन लेव्ही मागे घेतली. त्याआधी आठ महिने, १ ऑगस्ट २०२४ रोजी, परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवरील दोन टक्क्यांची लेव्ही रद्द झाली होती. ‘गुगल टॅक्स’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग २०१६ मध्ये सुरू झाला होता. नऊ वर्षांत तो संपला. २०२५ च्या अर्थसंकल्पाची चर्चा बारा लाखांपर्यंतच्या करमुक्त उत्पन्नाभोवती फिरत राहिली आणि ही बातमी आतल्या पानावर दोन-चार ओळींत आटोपली. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरात तिची दखल घेण्याचे कारण कुणाला दिसले नसेल. तरीही ही लेव्ही ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होती तो प्रश्न दिल्लीच्या चर्चासत्रांपेक्षा दिवेआगरच्या एखाद्या वाडीत अधिक स्पष्ट दिसतो, कारण तिथे व्यवहाराचे सगळे टप्पे एका खोलीच्या भाड्यात मोजता येतात.

दिवेआगरचे अर्थकारण दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत नारळ-पोफळीच्या आगरांवर आणि श्रीवर्धनी रोठा सुपारीवर उभे होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावात भाविकांची रीघ सुरू झाली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा चोरीला गेला. पण तोवर मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला सुरूचे बन, किनारा आणि केळीच्या पानावरचे जेवण यांची चटक लागली होती. घराघरांवर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ असे फलक लागले. मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि बागा आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप फळाला यायला सहा-सात वर्षे जातात, नारळालाही साधारण तेवढाच काळ लागतो. या मधल्या काळात ज्या घरांकडे पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने भाडे हे जोडउत्पन्न न राहता मुख्य उत्पन्न होणे अपरिहार्य होते. पुढच्या विश्लेषणात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण ज्याला पर्यायी उत्पन्न नाही त्याची घासाघीस करण्याची ताकद कमी असते आणि कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो हे त्या ताकदीवरच ठरते.

पूर्वी खोली फोनवर ठरत असे. एकदा येऊन गेलेला पाहुणा आपल्या मेव्हण्याला नंबर देई. आज नवा पाहुणा बहुधा आधी फोनच्या पडद्यावर गाव शोधतो, आणि त्याला कोणती घरे आधी दिसावीत हे ज्या कंपन्या ठरवतात त्यांतल्या काहींचे मुख्यालय ॲमस्टरडॅममध्ये आहे, काहींचे सॅन फ्रान्सिस्कोत, काहींचे सिंगापुरात.

एक हिशेब मांडू. खोलीचे भाडे ३,००० रुपये आणि कंपनीचे कमिशन १८ टक्के धरू. या धंद्यात पंधरा ते वीस टक्क्यांच्या दरम्यानचे दर नेहमीचे आहेत. कमिशन झाले ५४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९७ रुपये. घरमालकाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर तो जीएसटी नोंदणीकृत नसतो, त्यामुळे या ९७ रुपयांची वजावट त्याला मिळत नाही. खोलीच्या भाड्यावरचा ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये, पाहुण्याकडून वेगळा घेतला जातो. आणि घरमालक नोंदणीकृत नसल्यास तो सरकारजमा करण्याची जबाबदारी कायद्याने २०१७ पासून कंपनीवर टाकली आहे. शिवाय २०२० मध्ये आलेल्या १९४-ओ या कलमाने एकूण रकमेवर उद्गम करकपात लागू केली. तिचा दर आधी एक टक्का होता, ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला; लहान घरमालकाला पाच लाखांपर्यंत ती लागू नाही, पण पॅन दिलेला नसेल तर दर पाच टक्क्यांवर जातो. पाहुण्याने दिले ३,१५०; घरमालकाच्या खात्यावर आले २,३६० च्या आसपास.

आता सरकारचे उत्पन्न पाहू. जीएसटीचे १५० आणि ९७, अधिक उद्गम कराचे तीन, असे सुमारे २५० रुपये तिजोरीत गेले. ते सगळे पाहुण्याच्या आणि घरमालकाच्या खिशातून गेले. ५४० रुपयांच्या कमिशनातून खर्च वजा जाता जो नफा उरतो, त्यावर भारतात किती प्राप्तिकर मिळाला? परदेशी कंपनीची भारतात ‘कायमस्वरूपी आस्थापना’ नसेल, तर काही नाही. सर्वसाधारण रचना अशी असते की भारतातली उपकंपनी केवळ ‘सहाय्यक सेवा’ पुरवते, तिच्या खर्चावर ठरावीक टक्के नफा धरून तेवढ्यावर इथे कर भरते, आणि खोलीचा करार, पैशाची वसुली व मुख्य नफा परदेशातल्या मूळ कंपनीच्या नावावर राहतो. यात बेकायदा काही नाही. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांचा पाया राष्ट्रसंघाच्या काळात, १९२० च्या दशकात घातला गेला. परदेशी व्यापाऱ्याच्या नफ्यावर कर लावायचा तर त्याचे दुकान, गोदाम, कारखाना किंवा अधिकार असलेला दलाल आपल्या भूमीवर असला पाहिजे, असे ते तत्त्व होते. माल बंदराला लागत होता तोवर ते पुरेसे होते.

ही रचना भारतात न्यायाधिकरणापुढे तपासली गेली आहे. कोलकात्याच्या राइट फ्लोरिस्ट्स या फुलविक्रेत्या कंपनीने गुगल आणि याहू यांना जाहिरातींचे पैसे दिले होते. त्यातून कर कापायला हवा होता असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. २०१३ मध्ये कोलकात्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाने निर्णय दिला की नुसते संकेतस्थळ म्हणजे आस्थापना नव्हे. सर्व्हर भारतात नसेल तर कराचा प्रश्न येत नाही. संसदेने २०१८ मध्ये ‘लक्षणीय आर्थिक उपस्थिती’ ही नवी संकल्पना कायद्यात आणली आणि पुढे सरकारने तिला दोन कोटी रुपयांची उलाढाल किंवा तीन लाख वापरकर्ते अशी मर्यादा ठरवून दिली. पण देशी कायदा आणि कर-करार यांत जे करदात्याला अधिक फायद्याचे ते लागू, असे आपलाच कायदा सांगतो. कराराच्या देशात बसलेल्या कंपनीला ही नवी संकल्पना स्पर्शच करत नाही.

लेव्ही ही या अडचणीतून काढलेली पळवाट होती. अखिलेश रंजन समितीच्या शिफारशीनुसार २०१६ मध्ये ती प्राप्तिकर कायद्याच्या बाहेर, स्वतंत्रपणे आणली गेली, म्हणजे करारांचे बंधन तिला लागणार नाही. कायदेशीर कसरत म्हणून ती हुशारीची होती. तिचे आर्थिक परिणाम मात्र थंडपणे तपासले पाहिजेत. वरच्या उदाहरणात २०२० ची दोन टक्क्यांची लेव्ही लावून पाहा. २०२१ च्या दुरुस्तीने भारतीय रहिवाशाने पुरवलेल्या सेवेचा मोबदला तिच्या कक्षेतून वगळला, म्हणजे दिवेआगरच्या खोलीचे ३,००० रुपये बाहेर गेले आणि फक्त ५४० चे कमिशन उरले. त्याचे दोन टक्के होतात १० रुपये ८० पैसे. ज्यावरून वॉशिंग्टनशी वाद झाला, ज्याला कुणी ‘डिजिटल सार्वभौमत्व’ म्हटले आणि कुणी ‘करदहशत’, त्याची किंमत दिवेआगरच्या एका खोलीमागे अकरा रुपये होती. देशभरात दोन्ही लेव्ही मिळून चांगल्या वर्षांत चार हजार कोटींच्या आसपास जमली. २०२३-२४ ची निव्वळ प्रत्यक्ष करवसुली साडेएकोणीस लाख कोटींच्या वर होती.

आणि ते अकरा रुपये तरी कोणी दिले? सार्वजनिक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कराघात आणि करभार यांत भेद केलेला असतो: कर ज्याच्यावर लादला जातो तो एक, आणि तो ज्याच्या उत्पन्नातून शेवटी जातो तो दुसरा असू शकतो, या दोघांमधल्या प्रवासाला करसंक्रमण म्हणतात. ज्या बाजूला पर्याय कमी, मागणी वा पुरवठा ताठर, तिच्याकडे करभार सरकतो. सहा टक्क्यांची लेव्ही तर कायद्यानेच भारतीय जाहिरातदाराने कापून भरायची होती. समोरच्या कंपनीने आपला दर कमी करायला नकार दिला, की ती जाहिरातदाराच्याच खर्चात मिळवली जाई. दोन टक्क्यांच्या लेव्हीनंतर गुगलने १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतात दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या बिलात ‘नियामक परिचालन खर्च’ म्हणून दोन टक्के वेगळे लावायला सुरुवात केली. त्याआधी ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तानातही डिजिटल सेवा करांनंतर असे अधिभार लागले होते. कर चुकवणे आणि कर पुढे ढकलणे यांत मोठा फरक आहे, आणि कर पुढे ढकलण्याला मनाई करणारी तरतूद आपल्या लेव्हीत नव्हती. कराघात परदेशी कंपनीवर, करभार देशी ग्राहकावर, आणि वर तिजोरीत जमा झालेल्या रकमेचे श्रेय सरकारला, असा तो हिशेब होता.

यावरून ‘कर लावूच नये’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. निघते ते एवढेच की, करभार कुठे जाईल हे दोन पक्षांमधला करार ठरवत असेल, तर त्या कराराच्या अटींना हात न लावता लावलेला कर दुर्बळ पक्षाकडे सरकणार. म्हणून नियमन आणि कर हे दोन पर्याय नसून त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपण क्रम उलटा घेतला: आधी कर लावला, मग तो वाटाघाटीत सोडला, आणि नियमनाचा मसुदा फायलीत राहिला.

रायगडाला, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला, या क्रमाचा एक जुना अनुभव आहे. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा गोळा करणारा मध्यस्थ होता. सरकारला तो ठरलेली रक्कम पोहोचवी. कुळाकडून किती घ्यायचे, वेठ किती घ्यायची, हे प्रत्यक्षात तो ठरवी. कबुलायतीच्या अटी कुळाने लिहिलेल्या नसत. अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दिवेआगर त्या वेळी जंजिरा संस्थानात होते, पण ही हवा खाडी ओलांडून येत असणारच. त्या चळवळीची मागणी ‘खोतावर जास्त सारा बसवा’ अशी नव्हती. तसे झाले असते तर जास्तीचा सारा कुळाच्या खंडीतूनच निघाला असता, हे शेतकऱ्यांना अर्थशास्त्र न शिकता कळत होते. मागणी होती ती कुळाला कायद्याने मान्यता देण्याची, त्याचे देणे निश्चित करण्याची. १९३९ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा त्या दिशेने आले. साम्य ताणू नये: आजचा घरमालक कंपनीचे खाते बंद करू शकतो, कूळ गाव सोडू शकत नव्हते, कंपनी वेठ घेत नाही, आणि ती जे देते ते खरे आहे. मुंबईतून एकट्या निघालेल्या दोन मुलींना अनोळखी गावातल्या घराबद्दल जो विश्वास वाटतो तो आधीच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांमुळे, आणि खोली रद्द झाली तर पैसे परत मिळतील या हमीमुळे. या सेवेचे मोल आहे. तरीही एक रचनात्मक साम्य उरते: जीएसटीच्या कायद्याने कंपनीला दुसऱ्याच्या खोलीवरचा कर गोळा करणारी केले, पण तिच्या स्वतःच्या नफ्यापर्यंत प्राप्तिकराचा कायदा पोहोचवता आला नाही, आणि ती घरमालकाशी कोणत्या अटींवर वागते याकडे तर पाहिलेच नाही.

त्या अटी काय असतात ते एका पडवीत बसून मी पाहिले. समोरच्या अंगणात सुपारी वाळत घातली होती. घरमालकीण काकूंनी फोनवर एका कंपनीचे महिन्याचे विवरण उघडले: भाडे, कमिशन, कमिशनवरचा कर, ‘सवलत योजना’ म्हणून दहा टक्के, आणि शेवटी ‘व्हिजिबिलिटी’ असा एक रकाना.

“हे भाच्याने समजावून सांगितलं,” काकू म्हणाल्या. “दिवाळीत आपलं घर वर दिसायला हवं असेल तर तीन टक्के जास्त द्यायचे. मागच्या वर्षी दिले. यंदा शेजारच्यांनीही दिले, मग आपलं परत खाली गेलं.”

काकूंच्या शेवटच्या वाक्यात यंत्रणा पूर्ण आली आहे. समजा गावातली पन्नास घरे यादीत आहेत आणि फोनच्या पहिल्या एक-दोन पडद्यांत दहा दिसतात. एकाने तीन टक्के जास्त दिले तर तो वर जातो. सगळ्यांनी दिले तर क्रम पूर्वीसारखाच राहतो, फक्त प्रत्येकाचे कमिशन अठराचे एकवीस झालेले असते. पाहुण्यांची संख्या वाढलेली नसते, खोल्या वाढलेल्या नसतात. गावात राहणाऱ्या पैशातला एक हिस्सा बाहेर सरकलेला असतो. ही चढाओढ कुणा एका घरमालकाने शहाणपणाने थांबवता येत नाही, कारण थांबणारा एकटा खाली जातो.

दुसरी अट किंमत-समानतेची. घरमालकाने आपल्या फोनवर किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर याहून कमी भाड्यात खोली द्यायची नाही, असे बंधन. वरवर ते ग्राहकाच्या हिताचे दिसते. परिणाम उलटा होतो: कमिशन कितीही वाढले तरी थेट येणाऱ्या पाहुण्याला त्याचा फरक दिसत नाही, म्हणून थेट येण्याचे त्याला कारण उरत नाही, आणि कमी कमिशन घेणारी नवी कंपनी बाजारात आली तरी तिला कमी भाडे दाखवता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला. समूहाने हॉटेलांवर लादलेल्या समानतेच्या अटी काढून टाकाव्यात असेही बजावले. युरोपीय संघाने मे २०२४ मध्ये बुकिंगला डिजिटल बाजार कायद्याखाली ‘द्वारपाल’ कंपनी ठरवले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून अशा अटी तिथे वर्ज्य झाल्या. तोच व्यवहार युरोपातल्या घरमालकाला लागू असलेल्या संरक्षणाशिवाय कोकणात चालू शकतो, ही आजची स्थिती.

स्पर्धा आयोगाच्या आदेशातून आणखी एक गोष्ट निघते, जी या वादात सहसा हरवते. मेकमायट्रिपची मूळ कंपनी मॉरिशसमध्ये नोंदलेली, शेअर अमेरिकेच्या बाजारात, कारभार गुरुग्रामातून. ओयो भारतात जन्मलेली. म्हणजे कराच्या दृष्टीने कंपनी परदेशी असणे निर्णायक आहे, पण घरमालकावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने ते जवळजवळ निरर्थक आहे. ‘परदेशी कंपन्यांना आवरा’ ही घोषणा स्वीकारली तर देशी मक्तेदारीला मोकळे रान मिळते. आणि व्यापार करारांत तीच घोषणा भेदभावाचा पुरावा म्हणून आपल्याविरुद्ध वापरली जाते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी व्यापार प्रतिनिधींनी आपली दोन टक्क्यांची लेव्ही भेदभावकारक ठरवली ती याच आधारावर, की ती फक्त अनिवासींवर होती. जूनमध्ये सुमारे ११.८ कोटी डॉलरच्या भारतीय मालावर २५ टक्के शुल्क जाहीर झाले आणि लगेच स्थगित ठेवले गेले. देशी-परदेशी न पाहता आकारमानावरून लागू होणारा नियम अशा आक्षेपाला पुरून उरला असता. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात तसाच विचार होता: उलाढाल आणि वापरकर्त्यांच्या मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीवर, तक्रारीची वाट न पाहता, आधीपासूनच बंधने. ते विधेयक २०२५ संपेपर्यंत संसदेत मांडले गेले नाही.

नियमनाबद्दलचा एक आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. आपल्या राज्यसंस्थेला इंटरनेटवरील कंपन्यांचे नियमन करायला सांगितले की तिचा हात व्यापाराच्या अटींकडे न जाता मजकुराकडे जातो. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्यतपासणी कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली, हे ताजे उदाहरण. मजकूर हटवण्याची यंत्रणा वर्षागणिक वेगवान होते, आणि कमिशनच्या अटी उघड करायला लावणारी यंत्रणा मसुद्यातच राहते. पण या आक्षेपाचा उपाय नियमन टाळणे हा नव्हे. किंमत, क्रमवारी, वसुली, विदा यांचे नियमन स्वतंत्र कायद्यात आणि स्वतंत्र आयोगाकडे ठेवावे. वाणीच्या नियंत्रणाची चावी त्याच जुडग्यात अडकवू नये.

काहीच केले नाही तर दिवेआगरात काय घडण्याची शक्यता आहे? भाकीत करताना सावध राहिले पाहिजे, पण प्रेरणांची दिशा स्पष्ट आहे. ज्याच्याकडे अभिप्राय जास्त, जो रात्री अकरालाही लगेच उत्तर देतो, ज्याच्या खोल्या एका टिचकीत निश्चित होतात, त्याला क्रमवारी झुकते माप देते. आठ खोल्यांचा बंगला आणि पगारी व्यवस्थापक असलेल्या बाहेरच्या गुंतवणूकदाराला हे परवडते. स्वयंपाक, वाडी आणि सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळून दोन खोल्या चालवणाऱ्या घराला जड जाते. कमिशन वाढत जाईल तसे टिकून राहणे मोठ्यांनाच शक्य होईल, वाडीच्या जमिनीची किंमत सुपारीच्या उत्पन्नापेक्षा बंगल्याच्या भाड्याशी जोडली जाईल, आणि वादळानंतर पुन्हा लावलेली पोफळ फळाला येईपर्यंत काही वाड्यांचे मालक बदललेले असतील. कंपनीने हे ठरवून केलेले नसेल. तिचे गणित फक्त अधिक बुकिंग कुठून होते ते पाहते.

ग्रामपंचायतीच्या बाजूने पाहिले तर नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. तिचे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचे. घरपट्टी बांधकामावर बसते. त्या बांधकामातून शनिवार-रविवारी किती भाडे येते याच्याशी तिचा संबंध नाही. पाणी, कचरा, किनाऱ्यावरचे जीवरक्षक, अरुंद गल्लीत अडकणाऱ्या गाड्या, हा सगळा खर्च मात्र पाहुण्यांच्या संख्येने वाढतो. आणि ती संख्या आधी कळते ती कंपनीला. नाताळच्या आठवड्यात गावात किती माणसे उतरणार आहेत याचा बराच नेमका अंदाज डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात कुठल्या तरी सर्व्हरवर तयार असतो. ग्रामपंचायतीला तो कचऱ्याच्या ढिगावरून, आठवडा उलटल्यावर येतो. करापेक्षाही ही विदेची विषमता मला अधिक चिंतेची वाटते, कारण पुढे कधी कर लावायचा झाला तरी तो कशावर लावायचा हे मोजण्याची साधने ज्याच्यावर कर लावायचा त्याच्याच हातात राहतील.

जागतिक तोडग्याची वाट पाहत बसण्यात अर्थ उरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे १३७ देशांनी मान्य केलेल्या आराखड्याच्या पहिल्या स्तंभानुसार महाकाय कंपन्यांच्या नफ्याचा काही हिस्सा ग्राहकांच्या देशांकडे यायचा होता. त्याची मर्यादा होती वीस अब्ज युरोंची वार्षिक उलाढाल. एअरबीएनबीची २०२४ ची उलाढाल सुमारे अकरा अब्ज डॉलर; म्हणजे तो करार प्रत्यक्षात आला असता तरी दिवेआगरच्या पडवीतून जाणारे तिचे कमिशन त्याच्या बाहेरच राहिले असते. करारावर सह्या झाल्याच नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने या आराखड्यातून अंग काढून घेतले. जूनअखेरीस कॅनडाने पहिला हप्ता देय होण्याच्या आदल्या दिवशी आपला डिजिटल सेवा कर मागे घेतला. आपण त्याआधीच सोडला होता, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क पन्नास टक्क्यांवर गेले. त्याची कारणे अर्थातच वेगळी होती. पण एकतर्फी दिलेली सवलत वाटाघाटीच्या टेबलावर नंतर मोजली जात नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

मग दिल्लीची वाट न पाहता काय शक्य आहे? महाराष्ट्रात पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजना आहे, तिच्यात घरांची नोंदणी होते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या अल्पकालीन भाडे नियमावलीने, जी मे २०२६ पासून लागू होते, दोन साध्या गोष्टी केल्या: जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथे नोंदणी क्रमांकाशिवाय घर यादीत दाखवायचे नाही, आणि कंपनीने रात्री व पाहुण्यांची संख्या ठरावीक मुदतीने सरकारी यंत्रणेला कळवायची. पाहुण्याचे नाव त्यात लागत नाही. राज्याने असे केले तर त्याला कोणताही कर-करार आड येत नाही, आणि देशी-परदेशी असा भेदही करावा लागत नाही. त्या आकड्यांच्या आधारे ग्रामपंचायतीसाठी पाहुण्यामागे माफक शुल्क ठरवता येईल. यापुढच्या पायऱ्या, म्हणजे समानतेच्या अटीला कायद्याने बंदी, क्रमवारी पैशाने बदलली असेल तर ते पाहुण्याला दिसेल असे लिहिण्याची सक्ती, आणि कर वेगळ्या नावाने घरमालकाकडे ढकलण्याला मनाई, या केंद्राच्या हातात आहेत. त्या झाल्यानंतर नफ्यावरचा कर, विक्रीच्या प्रमाणात नफा वाटून घेण्याच्या सूत्राने, पुन्हा मागता येईल; त्या आधी मागितला तर तो काकूंच्या विवरणात आणखी एक रकाना होऊन येईल.

घाई करण्याचे कारण कराचे नाही, करारांचे आहे. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात २०२० पासून एक कलम आहे: बाजारात प्रवेश देण्याची अट म्हणून दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे तिच्या संगणकप्रणालीचा मूळ संकेत किंवा त्यातली गणितपद्धती मागायची नाही. नियामकाच्या विशिष्ट चौकशीसाठी त्याला अपवाद आहे, पण तो प्रकरणागणिक. सर्वांवर आधीपासून लागू होणारी तपासणी त्यात बसवणे कठीण. असे कलम आता डिजिटल व्यापाराच्या वाटाघाटींत नमुना म्हणून पुढे केले जाते. लेव्ही वित्त विधेयकातल्या एका दुरुस्तीने गेली आणि उद्या कुणाला वाटले तर तशाच दुरुस्तीने परत येऊ शकते. व्यापार करारातले कलम तसे परत घेता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या पक्षाची संमती लागते किंवा सबंध करार मोडावा लागतो. दिवाळीत घर खाली का गेले हे विचारण्याचा अधिकार कायद्यात यायच्या आधीच तो करारात सोडून दिला गेला, तर पुढच्या संसदेला त्याबद्दल कायदा करण्याची मोकळीकही उरणार नाही.